अर्लीनला विश्रांती द्यायचं ठरलं

अर्लीन गॅस्पार्डला विश्रांती द्यायची असं घरच्यांनी मार्च महिन्यात ठरवलं, आणि त्या दिवसापासून बाईच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

ठरलं ते असं. दर वर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळं गोत टेक्ससातल्या ब्युमाँटला अर्लीनच्या घरी गोळा होतं. दोन टर्की, मक्याच्या पावाचं सारण, मोठी तीन पातेली भरून पालेभाजी, आणि जेवून सगळे सोफ्यावर आडवे झाले की अर्लीन सिंकपाशी उभी. यंदा तिची लेक लव्हाँडा म्हणाली, पुरे झालं, या वर्षी आईने चूल पेटवायची नाही. आपण सगळे मिळून जहाजाने जाऊ. सोमवारी गॅल्व्हस्टन बंदरात चढायचं, मेक्सिकोला जाऊन शनिवारी परत. कल्पना इतकी आवडली की टाळ्या पडल्या. मग कुणीतरी विचारलं, पण हे सगळं जमवणार कोण? तशा सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या.

"तू मे महिन्यात रिटायर होतेस ना," लव्हाँडा म्हणाली. "तुला वेळच वेळ."

वेळ. एकतीस वर्षं अर्लीनने शाळेची पिवळी बस चालवली. पहाटे साडेचारला उठायचं, अंधारात टायरांना लाथा मारून बघायचं आणि सत्तर पोरं गोळा करायची. मागे वळून न बघता, नुसत्या आरशात बघून ती सांगायची की कोण रडून आलंय आणि कोण पुढच्या वळणाला ओकणार आहे. वादळ येतंय म्हणून शहर रिकामं करायची वेळ आली की शाळेच्या बस कामाला लागायच्या. अशा दोन वादळांत तिने वृद्धाश्रमातली माणसं भरून चौदा चौदा तास उत्तरेकडे नेली. दुसऱ्या खेपेला परत आली तर स्वतःच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होतं आणि पाण्यात नवऱ्याचा, अल्सीडचा, एक बूट तरंगत होता. पुढे अल्सीडने अंथरूण धरलं ते सहा वर्षं. त्याला जाऊन चार वर्षं झाली, पण त्याच्या औषधांचा तक्ता तिला अजून पाठ आहे. गल्लीत म्हणायचे, अर्लीनला बसलेली बघायची असेल तर रस्त्यावर उभं राहून बसची वाट बघा.

तर अशा बाईला विश्रांती देण्यासाठी आठ महिने कामाला लावलं. कुणाची खोली कुणाशेजारी नको, याची एक यादी झाली आणि ती खोल्यांच्या यादीपेक्षा लांब निघाली. सगळ्यांना जांभळे टी-शर्ट हवे होते, छातीवर जहाज आणि वर 'गॅस्पार्ड परिवार'. मापं मागवली. आपल्या मापाबद्दल खरं बोलणारा गॅस्पार्ड अजून जन्मायचाय, त्यामुळे एकोणीस शर्ट आले आणि अकरा परत गेले. सगळ्यात मोठं काम आईचं. तिची आई ओझेला, वय चौऱ्याऐंशी, सगळी गल्ली तिला मडिअरच म्हणते. ही लुइझियानातल्या एका शेतावर सुईणीच्या हाती जन्मली, आणि सुईणीने त्याची नोंद आपल्या डोक्यात ठेवली. म्हणजे कागद नाही. चार महिने अर्लीन चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि शाळेची जुनी हजेरी शोधत हिंडली, तेव्हा कुठे सरकारने मान्य केलं की ओझेला जन्मली आहे.

कारण नियम तसा आहे. जहाज निघतं त्याच धक्क्यावर परत येणार असेल तर इथल्या माणसांना पासपोर्ट लागत नाही. फोटोचं ओळखपत्र आणि सरकारी जन्मदाखला दाखवला की झालं. अर्लीनने एकोणीस दाखले एका निळ्या फाइलीत लावले. प्रत्येकाला वेगळी पिशवी, वर नाव, मागे औषधांची चिठ्ठी. रविवारी चर्चहून येताना तिने फाइल तासाभरासाठी मडिअरच्या टेबलावर ठेवली आणि सामानाच्या चिठ्ठ्या बांधायला गेली. आठ महिन्यांत ती फाइल तिच्या हातातून सुटली ती तेवढीच.

सोमवारी साडेदहाला गॅस्पार्ड धक्क्यावर हजर. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, जांभळ्या वांग्यांचा ट्रक कलंडलाय. हमालांनी बॅगा नेल्या, पोरांनी जहाजाचे मजले मोजायला सुरुवात केली आणि दर वेळी वेगळा आकडा आला. फक्त रोडेलचा पत्ता नव्हता. रोडेल हा अर्लीनचा धाकटा भाऊ, वय सत्तावन्न. हा आयुष्यात एकदाच वेळेआधी आला, तो जन्माला येताना. मडिअर दवाखान्यात पोचायच्या आतच, शेजाऱ्याच्या गाडीत झाला. त्यानंतर त्याने ती चूक पुन्हा केली नाही. साडेअकराला तो उगवला, हातात बर्फाची पेटी, पेटीत भात भरलेले सॉसेज आणि दोन पाउंड केक. घरचं खाणं जहाजावर चालत नाही, हे अर्लीनने त्याला चार वेळा लिहून कळवलं होतं. मग काय करणार, सगळं कुटुंब फुटपाथवर उभं राहून भर उन्हात केक खायला लागलं. अर्लीनने खाल्ला नाही. ती माणसं मोजत होती.

आत रांग सरकत होती. अर्लीन काउंटरशी उभी राहून फाइलीतून एकेक पिशवी काढून द्यायची, पलीकडची मुलगी बघायची, हसायची, पुढे पाठवायची. अठरा झाले. मडिअरचाही दाखला एका नजरेत पास झाला, चार महिन्यांचं काम चार सेकंदांत. एकोणिसावा अर्लीनचा स्वतःचा.

मुलगी थांबली. कागद उलटा करून बघितला. "मॅम, हा दवाखान्याने दिलेला आहे. आठवण म्हणून देतात तो. सरकारी हवा."

अर्लीनने कागद पाहिला. जाड, पिवळा पडलेला, वर सोनेरी शिक्का आणि खाली बाळाच्या दोन इवल्याशा पावलांचे काळे ठसे. हा तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण तिने लावलेला नव्हता. हा कागद बासष्ट वर्षं मडिअरच्या मोठ्या बायबलात राहत होता. अर्लीन सावकाश मागे वळली.

चाकाच्या खुर्चीत मडिअर ताठ बसली होती, फोटोला बसल्यासारखी. "मी लावला तो," ती म्हणाली. "स्वतःसाठी तू काय ठेवला होतास, एक पातळसा कागद. त्याच्यावर कुणाचंही नाव टाकता येतं. याच्यावर पाय आहेत. पाय कुणी खोटे करू शकतं का?"

"आणि तो पातळ कागद?"

"बायबलात. जागा रिकामी राहायला नको म्हणून."

बायबल ब्युमाँटला, मडिअरच्या उशाशी. जाऊन येऊन चार तास. दार तीनला बंद. काउंटरवरच्या मुलीने खरोखर वाईट वाटून सांगितलं की तिच्या हातात काही नाही.

आता जे झालं ते अर्लीनने कुणाला सांगितलेलं नाही, पण अशा गोष्टी गल्लीत कळल्याशिवाय राहत नाहीत. ते ऐकून तिला रडू आलं नाही की राग आला नाही. तिला बरं वाटलं. गुडघ्यांपासून वर वर काहीतरी सैल होत गेलं. तिच्या डोळ्यांसमोर स्वतःचं घर आलं. पडदे ओढलेले, कुणी नाही. पाच दिवस सगळेच्या सगळे भर समुद्रात, फोनच्या टप्प्याबाहेर. ती भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसली, आणि बसल्यावर तिला कळलं की उठायची इच्छाच नाहीये.

पण गॅस्पार्डांना बरं वाटलेलं नव्हतं. ते घाबरले होते. लव्हाँडाने विचारलं, मडिअरची साखर किती वाजता तपासायची? कुणी विचारलं, जेवायची वेळ कोणती घेतलीस, पहिली की दुसरी? लव्हाँडाच्या नवऱ्याला आपली खोली कोणत्या मजल्यावर आहे ते माहीत नव्हतं, आणि आपण कुठे चाललोय तेही नीट माहीत नव्हतं. एकोणीस माणसांचं कुटुंब, आणि त्यातल्या अठरांना जहाजावर चढून पुढे काय करायचं याचा पत्ता नाही. तेवढ्यात मडिअरला आपण काय करून बसलो ते उमगलं. तिने खुर्चीचे ब्रेक खटकन लावले.

"मग मीही जात नाही," ती म्हणाली.

तिला कुणी समजावायचा प्रयत्न केला नाही. मडिअरने ब्रेक लावले की विषय संपतो, हे घरातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

मग काउंटरवरच्या मुलीचा साहेब आला. भला माणूस. त्याने सांगितलं, टेक्ससात जन्मलेल्या माणसाला इथल्या जिल्हा कचेरीतही दाखला मिळतो, वीस मिनिटांवर आहे, आत्ता गेलात तर जमेल. अर्लीन त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं ती आभार मानतेय.

बाकीच्यांना वर धाडलं. मडिअर ब्रेक लावून तिथेच, सोबतीला लव्हाँडा. अर्लीन आपल्या व्हॅनकडे निघाली तर रोडेल मागोमाग.

"चावी दे," तो म्हणाला आणि ती काही बोलायच्या आत चालकाच्या सीटवर चढला. "तू आज चालवू नकोस. तुझा चेहरा बघ जरा."

एकतीस वर्षांत अर्लीनने कुणाला गाडी चालवू दिली नव्हती, अल्सीडलाही नाही. तिने चावी दिली. शेजारच्या सीटवर बसताना पट्टा कोणत्या बाजूला असतो ते तिला आठवेना.

दोन चौक गेले.

"सिस," तो म्हणाला, "तुला यायचंच नाहीये ना?"

अर्लीन खिडकीबाहेर बघत होती. "मडिअरचा हा शेवटचा मोठा प्रवास असेल," ती म्हणाली.

"मी ते विचारलं नाही."

"मला झोपायचंय, रोडेल. जहाजावर मला कुणी झोपू देणार नाही. तू तरी देशील का? पहिल्या दिवशी टॉवेल कुठे मिळतात म्हणून दार वाजवशील."

रोडेलने मान डोलवली. वाजवलं असतं, हे त्यालाही मान्य होतं. "मग सोपं आहे. कचेरी बंद होती असं सांगू. खोटं मी बोलतो. मला सवय आहे आणि सगळ्यांना माझी सवय आहे."

कचेरीपाशी गाडी लावून तो उतरला. सख्खा भाऊ असला तर दाखला त्यालाही मिळतो. तिने काचेला डोकं टेकलं. डोळे मिटायच्या आधी तिला एवढंच आठवतं, की एक बाई पालेभाजीची पिशवी घेऊन पायऱ्या उतरत होती आणि तिला बघून अर्लीनला वाटलं, कुणाकडे तरी जेवण आहे वाटतं.

रोडेलने काचेवर टकटक केली तेव्हा दोन वाजत आले होते. पाऊण तास. एवढी सलग झोप तिला दिवसाउजेडी कधी लागली ते तिला आठवेना. तोंडाच्या कोपऱ्यात लाळ आली होती, ती तिने पुसली.

"काय झालं?"

रोडेल दोन्ही हात खिशात घालून उभा. "मिळाला आणि नाही मिळाला, दोन्ही तयार आहे," तो म्हणाला. "कुठलं सांगू?"

तो गाडीत बसला, गाडी सुरू केली, आणि धक्क्याच्या रस्त्याला लागल्यावर तीच म्हणाली, "नाही मिळाला सांगितलंस तर मडिअर काय करील, कळतंय का तुला? एक तर ती खुर्चीतून हलणार नाही. हललीच, तर पाचही दिवस स्वतःला खात बसेल. मरेपर्यंत म्हणेल, माझ्यामुळे पोरीचं राहिलं."

"म्हणेल."

"मग ते चालणार नाही."

"म्हणजे येतेस."

"तेही नाही," अर्लीन म्हणाली. हे आपण म्हणणार आहोत हे तिला म्हणेपर्यंत माहीत नव्हतं. "मिळाला म्हणून सांगायचं. आणि मी येत नाही, तेही सांगायचं. मीच सांगते. तू फाइल घे."

रोडेलने गाडी जवळजवळ फुटपाथवर घातली. "फाइल? मी?"

"पहिली पांढरी गोळी सकाळी, खाल्ल्यावर. म्हण."

"सिस, मी आजवर एक कुत्रा पाळला तोही शेजाऱ्यांनी जगवला."

"पांढरी सकाळी, खाल्ल्यावर. म्हण, रोडेल."

त्याने म्हटलं. धक्का येईपर्यंत म्हणत होता. पांढरी सकाळी, गुलाबी रात्री, साखर जेवणाआधी, दुपारी झोपेतून उठवायचं नाही. सिग्नलला थांबला की बॉलपेनने तळहातावर लिहून घ्यायचा. शेजारच्या गाडीतली माणसं बघत होती.

मडिअर होती तिथेच होती. हॉल बराच रिकामा झाला होता. लव्हाँडाने आईला येताना पाहिलं आणि देवाचे आभार मानत बॅग खांद्याला लावली. अर्लीनने नवा दाखला मडिअरच्या मांडीवर ठेवला. मडिअरने चष्मा वर करून तो निरखला. पाय नव्हते, म्हणून तिचं त्याच्याबद्दलचं मत बदललं नाही.

"झालं तर मग," ती म्हणाली आणि ब्रेककडे हात नेला. "चला."

अर्लीन तिच्यासमोर उकिडवी बसली. गुडघे कडकडले. "मडिअर, कागद मिळालाय. तुझं काही चुकलेलं नाही, जे चुकलं होतं ते निस्तरलंय. पण मी येत नाहीये."

"बरं नाही का तुला?"

"बरी आहे. दमलेय."

लव्हाँडाने तोंड उघडलं. हे सगळं तुझ्यासाठीच केलं, असं काहीतरी तिच्या ओठांवर होतं, पण आपल्या आईचा चेहरा तिने इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा. ते वाक्य तिने गिळलं. बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर केला.

मडिअर मात्र लेकीकडे बघत राहिली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला दमणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तिने सात पोरं वाढवली, तिघांना पुरलं, परक्यांच्या घरी चाळीस वर्षं इस्त्री केली, आणि त्या सगळ्यात तिला एकदाही 'दमले' म्हणून मोठ्याने सांगता आलं नव्हतं. तिला राग आलेला दिसत होता. तो नक्की कुणाचा हे तिलाच ठरवता येत नव्हतं.

"गुरुवारी एकटी जेवशील?" तिने शेवटी विचारलं. "थँक्सगिव्हिंगला?"

"जेवेन की नाही तेही माहीत नाही. उठेन तेव्हा बघेन."

"माझ्या फ्रीजमध्ये गम्बोचा रस्सा आहे. वरच्या फळीवर, झाकणाचा डबा. तापवून खा. तू थंड खातेस उभ्या उभ्या, मला ठाऊक आहे." ब्रेक काढून ती रोडेलकडे वळली. "आणि तू हळू ढकल. मी बटाट्याचं पोतं नाही."

रोडेलने काखेत निळी फाइल मारली आणि खुर्ची ढकलली. चुकीच्या दिशेला. अर्लीनचं एक पाऊल आपोआप पुढे पडलं, ओठांवर 'रोडेल' आलंही. तिने ते पाऊल मागे घेतलं. काउंटरवरच्या मुलीनेच त्यांना हाताने दुसरा रस्ता दाखवला, आणि ते वळले, आणि लव्हाँडा मागे बघत बघत त्यांच्यामागून गेली. दार मिटलं.

घरी जायला तिने फेरीबोटीचा रस्ता धरला. लांबचा नाही, पण रांग असते. तिला घाई नव्हती. चारनंतर तिची व्हॅन बोटीवर चढली, इंजिनं घुरघुरली, आणि खाडीच्या मधोमध बोट थांबली. समोरून मोठं जहाज बाहेर पडत होतं. लोक गाड्यांतून उतरून कठड्याशी गेले, फोन वर करून उभे राहिले, पोरं हात हलवायला लागली. अर्लीन उतरली नाही. काचेतून तिला जहाजाची पांढरी भिंत सरकताना दिसली, मजल्यावर मजले, आणि वरच्या कठड्याशी माणसांचे ठिपके. त्यातले काही जांभळे असतील. तिने मोजले नाहीत.

फोन वाजला. लव्हाँडा. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"आई, रोडेलमामा म्हणतोय गुलाबी सकाळी."

"त्याला हात बघायला सांग," अर्लीन म्हणाली आणि ठेवला.

मग फोन बंद केला. सीटची पाठ मागे पाडली. बोट पुन्हा कधी निघाली, पलीकडच्या किनाऱ्याला कधी लागली, पुढच्या गाड्या कधी उतरल्या, यातलं तिला काही कळलं नाही. मागे हॉर्न वाजत होते. नारिंगी जाकिटातला बोटीवरचा माणूस काचेशी वाकून उभा होता. त्याने विचारलं, मॅम, बरं वाटतंय ना?

"बरं वाटतंय," ती म्हणाली. ते खरंच होतं, म्हणून तिला जराशी लाज वाटली. तिने चावी फिरवली आणि मागे तुंबलेल्या लोकांना हाताने माफी मागत सावकाश उतरली.